जळक्या रानातली पत्री

मी बॉटनी शिकले आहे, ही गोष्ट आमच्या महाराष्ट्र मंडळाला वर्षातून एकदाच आठवते, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. एरवी माझी ओळख 'ती जंगल जाळणारी' अशी. मंडळात सगळे हृदयाचे, किडनीचे, नाहीतर क्लाउडचे तज्ज्ञ. त्यांच्यातली एक बाई अमेरिकेतल्या दक्षिण जॉर्जियाच्या वाळूत गुडघे टेकून गवत बघत बसते आणि त्याचा तिला चक्क पगार मिळतो, हे अजून कोणाला नीट पटलेलं नाही. एका काकांनी मला विचारलं होतं, "यात पुढे स्कोप काय?" मी म्हटलं, "काका, पुढेसुद्धा गवतच." काकांनी सहानुभूतीने मान हलवली आणि त्याच वर्षी मुलीला कॉम्प्युटर सायन्सला घातलं.

मी काम करते ते रान लाँगलीफ पाइनचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं मीच एकदा मंडळाची सहल तिथे नेली. जंगल म्हटल्यावर लोकांना काळोख, वेली, निदान एखादं हरीण तरी हवं असतं. इथे सरळसोट उंच पाइन, एकमेकांपासून चांगलं अंतर राखून उभे, मधून भरपूर ऊन, आणि खाली गुडघाभर तारेसारखं ताठ गवत. गाडीतून उतरल्यावर पहिलं वाक्य आलं, "अरे, इथे तर काहीच नाही!" दुसरं आलं, "आपण इथे वृक्षारोपण करू या का?"

मी समजावून सांगितलं. हे रान उघडंच असायला हवं. ऊन जमिनीपर्यंत पोचतं म्हणून तर खाली एका सतरंजीएवढ्या जागेत इतक्या जातींची झाडं दाटीवाटीने नांदतात. दर दोन-तीन वर्षांनी जमिनीलगत आग फिरली नाही, तर ओक माजतात, सावली पडते आणि खालचं सगळं मरून जातं. म्हणून आम्ही ते ठरवून, वारा बघून जाळतो. पालथ्या घड्यावर पाणी. "म्हणजे आधी तुम्हीच जंगल जाळायचं आणि मग तुम्हीच वाचवायचं?" एका हृदयतज्ज्ञांनी विचारलं. "आणि त्याला पीएचडी लागते?" माणसाची छाती उघडून हृदय थांबवणाऱ्या माणसाने हे विचारावं, याचं मला जरा नवल वाटलं.

स्कोप न विचारणारी एकच व्यक्ती होती, काकू. काकू म्हणजे आमच्या गावातल्या निवृत्त बालरोगतज्ज्ञ. सत्तरच्या दशकात त्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, इथे आले. गावातल्या अर्ध्या लोकांना लहानपणी काकूंनी इंजेक्शन दिलेलं आहे, त्यामुळे पेट्रोल पंपावरचा दाढीवाला धिप्पाड माणूससुद्धा त्यांना बघून अजून जरासा दचकतो. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकू त्यांच्या पोर्चवाल्या पांढऱ्या घरात एकट्या, स्वतः ड्राइव्ह करत, ठणठणीत राहत होत्या. मग या मार्चमध्ये स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही. पण त्यांचे चिरंजीव तिकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला असतात, आणि बातमी तिथे पोचेपर्यंत वाटेत तिचं हाड मोडलं.

चिरंजीव विमानाने आले आणि दोन दिवसांत सगळं मार्गी लावून गेले. घर विकायचं, आईने सनीव्हेलला यायचं. तिथल्या अपार्टमेंटला लिफ्ट आहे, खाली बाग आहे, तिथली लोकल, कॅलट्रेन, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ऐंशीच्या बाईने कॅलट्रेनने रोज कुठे जायचं, हे कोणी विचारलं नाही. काकू "चालेल" म्हणाल्या. मंडळ म्हणालं, किती भाग्यवान, मुलगा बोलावतोय तरी. काकूंनी अट एकच घातली, या वर्षीचा गणपती याच घरात बसेल आणि त्याचं विसर्जन होईपर्यंत दारात विक्रीची पाटी लागणार नाही. मला मात्र ते "चालेल" अजिबात आवडलं नव्हतं. काकू गेल्या तर या गावात माझं म्हणावं असं कोणी उरणार नव्हतं, म्हणजे माझा स्वार्थ होताच. पण नुसता स्वार्थ नव्हता. काकू तेव्हापासून घरात पाहुण्यासारख्या वावरू लागल्या होत्या. कपाटं आवरायच्या आणि मग त्याच कपाटासमोर खुर्ची टाकून बसायच्या.

ऑगस्ट संपता संपता त्यांचा फोन आला. "अगं, या घरातला शेवटचा गणपती. या वर्षी मला पत्री खरी पाहिजे. एकदा तरी."

पूजेत गणपतीला एकवीस झाडांची पानं वाहतात. बेल, शमी, रुई, आघाडा, डोरली, माका, अशी ती सगळी आपल्याकडच्या परसातली आणि माळावरची मंडळी. जॉर्जियात ती कुठून आणणार? म्हणून इकडच्या गणपतीला पत्री म्हणून सॅलड मिळतं. प्लास्टिकच्या डब्यातलं, तीनदा धुतलेलं, खायला तयार. बेलाच्या नावाने पालक, शमीच्या नावाने कोथिंबीर, रुईच्या नावाने लेट्यूस. एका वर्षी तर कुणी तब्येतीला चांगलं म्हणून केलची, म्हणजे कोबीच्या एका विलायती भावाची, पानं आणली होती. चार हात असूनही बाप्पाने त्यातला एकही उगारला नाही, यातच त्याचं मोठेपण. दूर्वा तेवढी खरी मिळू शकते, कारण आपली हरळी इथल्या प्रत्येक लॉनमध्ये आहे. पण काकूंच्या लॉनवर दर महिन्याला कंपनीचा माणूस येऊन औषध मारून जातो, आणि विषारी दूर्वा देवाला वाहायला बालरोगतज्ज्ञ बाईचं मन धजत नव्हतं.

मी कामावरच्या साहेबांना विचारलं, देवासाठी रानातली चार पानं खुडू का? साहेब म्हणाले, "आपण अख्खं रान पेटवतो आणि तू पानांची परवानगी मागतेस? काय हवं ते घे. फक्त पाइनच्या पिल्लांना हात लावू नकोस." ही पिल्लं म्हणजे या रानाची सगळी पुंजी. लाँगलीफचं रोप पहिली कित्येक वर्षं झाडासारखं दिसतच नाही. जमिनीलगत हिरव्या सुयांचा एक झुपका, बघणाऱ्याला वाटावं गवताचं ठोंब. उंची शून्य. सगळी वाढ खाली, मुळात. आग आली की सुया जळतात, पण त्यांच्या मधोमध लपलेला कोंब वाचतो, आणि एखाद्या वर्षी मनात येईल तेव्हा रोप एकदम उठून वर निघतं. आमच्या मंडळात कोणाचा मुलगा असा वागला असता, तर त्याला तीन कोचिंग क्लास लावले असते.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. काकूंनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, गोचीड चढू नयेत म्हणून पँट मोज्यांत खोचलेली, डोक्यावर काकांची हॅट, हातात स्टीलचा डबा, कात्री आणि एक घडीचं स्टूल, असा जामानिमा केला होता. मी त्यांना गेल्या वर्षी जाळलेल्या पट्ट्यात नेलं, कारण फुलोरा तिथेच चांगला असतो.

खरी पत्री मिळणार नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. पण नातेवाईक भरपूर निघाले. वाळूवर पसरलेलं एक रुंद पानांचं झाड दाखवून मी पान मोडलं, तर पांढरा चीक आला. रुईची चुलत बहीण. काकूंनी हात जोडले. मग काटेरी डोरलीची इकडची भावंडं सापडली, अगदी तशीच पिवळी फळं आणि तसेच काटे. बोराच्या कुळातलं एक झुडूप, तुळशीच्या कुळातलं एक चुरगळलं की घमघमणारं रोपटं, विष्णुक्रांतेच्या घराण्यातली वाळूत लोळणारी वेल, आणि शमीच्या जागी लाजाळूची काटेरी बहीण, जिने काकूंचं बोट लागताच पानं मिटून घेतली. "म्हणजे अख्खं गोत्र इथे येऊन राहिलंय," काकू म्हणाल्या, "आणि मी गाढवासारखी लेट्यूस वाहत बसले होते!" मार्चनंतर त्यांना असं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. मला फार बरं वाटलं.

ऊन चढलं, चिलटं डोळ्यांत शिरायला लागली. काकूंनी स्टूल उघडलं. "तू बाकीची पानं बघ, मी इथे बसून दूर्वा खुडते. एवढ्या गवतात दूर्वा नसेल होय?"

"वाटेच्या कडेला हरळी आहे, तिथलीच घ्या," असं सांगून मी अर्जुनाच्या नावाने ओकची पानं आणायला गेले. परत आले तर डबा बंद, काकूंचा चेहरा समाधानी. "मिळाली. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीय, आता उघडू नकोस, सुकेल."

गणपतीच्या दिवशी चिरंजीव सनीव्हेलहून आले, मंडळ आलं, आणि पुरोहित म्हणून आमचे निवृत्त डेटाबेस इंजिनियर काका सोवळं नेसून, टॅबलेट घेऊन आले. त्यांची पूजा व्हिडिओवरून चालते. मधूनच मंत्र गोल गोल फिरत थांबतो, तेवढ्या वेळात यजमानांनी हात जोडून बसायचं असतं. पत्रीचं ताट बघून सगळे खूश झाले. ज्यांना रानात काहीच दिसलं नव्हतं, ते आता पानांचे फोटो काढत होते. मग काकूंनी दूर्वांची जुडी काढली आणि बाप्पाच्या मस्तकावर ठेवली.

मी वाकून बघितलं. जाडसर, चकचकीत, कात्रीने सारख्या कापलेल्या हिरव्या सुया. लाँगलीफच्या सुया देठाशी तीन-तीन जोडलेल्या असतात. दूर्वेचं त्रिदल शोधणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय असणार?

"काकू, ही दूर्वा नाही!" मी मंत्राच्या मध्येच ओरडले.

पुरोहित काकांनी व्हिडिओ पॉज केला.

"त्रिदल आहे की," काकू म्हणाल्या. "जरा जाड आहे. मला वाटलं, इकडे सगळंच एक्स्ट्रा लार्ज."

"ही पाइनची रोपं आहेत. पिल्लं! तुम्ही त्यांच्या डोक्यावरचे केस कापून आणलेत."

चिरंजीव म्हणाले, "वेट, इज दिस अ प्रॉब्लेम? पाइन तर इथे सगळीकडे आहेत." पुरोहित काकांनी मात्र डेटाबेसवाल्याच्या सवयीने चटकन मार्ग काढला. "एकवीस पत्रींत देवदार आहेच. पाइन त्याच्याच जवळचा ना? मग देवदार म्हणून चालेल." मंडळाने सुटकेचा निःश्वास टाकला. देवाचा प्रश्न सुटला होता, रोपांचं काय, ती कुठे आरतीला येणार होती. दूर्वांसाठी फ्रिजमधली कोथिंबीर पुन्हा कामाला लागली आणि व्हिडिओ पुढे सुरू झाला.

काकूंनी त्या दिवशी मोदकाला हात लावला नाही. सगळे गेल्यावर मला विचारलं, "मरतील का गं ती?"

मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. "मधला कोंब कापला असेल तर मरतील."

दीड दिवसाने अंगणातल्या बादलीत विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू म्हणाल्या, "मला तिथे ने. बघायचंय मला." दुपारी घरावर पाटी लावायला एजंट येणार होता. चिरंजीवही गाडीत बसले, कारण सरफेस अनइव्हन होता आणि आईबरोबर कोणीतरी जबाबदार माणूस हवा होता. मी तिथे वीस वर्षं काम करते, पण मी बहुधा त्यात मोडत नव्हते.

काकूंनी जागा बरोबर ओळखली. हजामत केल्यासारखी दिसणारी रोपं लांबूनच कळत होती. मी खाली बसले आणि एकेकाच्या उरलेल्या सुया बाजूला सारून बघायला लागले. पहिल्याचा कोंब शाबूत होता, पांढरा, लोकरीसारखा. दुसऱ्याचाही. मी सगळी तपासली. एकाही कोंबाला कात्री लागलेली नव्हती.

"त्याला कशी लावीन?" काकू स्टुलावरून म्हणाल्या. "इतकं मऊ होतं ते. बाळाच्या टाळूवर कोणी कात्री फिरवतं का?"

माझा राग तिथल्या तिथे गेला. "जगतील काकू. आग याच्याहून जास्त नेते. चार-सहा आठवड्यांत नव्या सुया येतील." काकूंनी डोळे मिटून घेतले आणि हॅटने वारा घेत बसल्या.

चिरंजीव मनाने वाईट नाहीत. आईला बरं वाटलेलं बघून त्यांना लगेच एक आयडिया सुचली. "आपण यातलं एक खणून कुंडीत लावू या ना. सनीव्हेलला बाल्कनीत ठेवता येईल. आई, यू विल लव्ह इट."

मी सांगितलं, याचं मूळ सरळ खाली तुझ्या कमरेच्याही पुढे गेलेलं आहे, खणलंस तर तुटेल आणि रोप मरेल. आता या ठिकाणी मुळं, माती आणि परदेश यांच्यावर एक हुंदका देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी दिला नाही. एक गोचीड माझ्या मोज्यातून वर चढत होती.

"एजंट किती वाजता येणार?" काकूंनी विचारलं.

"तीनला. का?"

"त्याला नको म्हणून सांग."

"ओके, रीशेड्यूल करतो. उद्या सकाळी?"

"उद्या नाही, परवा नाही. मला सनीव्हेलला यायचं नाहीये." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि ही आता झाडाचं काहीतरी सांगेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. झाडाचं झाडापाशी. मी माझं सांगतेय."

चिरंजीव उभेच राहिले. "पण आई, तू 'चालेल' म्हणालीस! आय आस्क्ड यू!"

"एकदा विचारलंस," काकू म्हणाल्या.

आता हे त्यांना कसं सांगावं? आपल्याकडे साधी पोळी वाढतानासुद्धा पहिलं उत्तर कोणी खरं धरत नाही. 'नको' म्हटलं तरी आणि 'चालेल' म्हटलं तरी समोरच्याने थांबायचं असतं, चेहरा बघायचा असतो आणि पुन्हा विचारायचं असतं. चिरंजीव याच आईच्या हातच्या नको-नको म्हणत घेतलेल्या पोळ्या खाऊन मोठे झाले. पण ते राहतात तिथे एकदा 'येस' दाबलं की पुढचा स्क्रीन येतो. आईने 'चालेल' म्हटलं, पुढचा स्क्रीन आला, त्यावर एजंट होता.

या वेळी चिरंजीवांनी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग जड जिभेने, एकही इंग्रजी शब्द न घालता म्हणाले, "आई, तुला खरंच यायचं नाही?"

"नाही."

"तू परत पडलीस तर?"

"पडेन," काकू म्हणाल्या. "ऐंशी वर्षांची आहे मी, पडणारच. तुझ्याकडे पडले तर अॅम्ब्युलन्समधला माणूस मला नाव विचारेल. इथे तो मला 'डॉक्टर' म्हणेल आणि रडेल. मला इथे पडायचंय."

चिरंजीव खाली बसले, आईच्या पायाशी, वाळूत, सरफेसचा विचार न करता. थोड्या वेळाने त्यांनी फोन काढला आणि एजंटला सांगितलं की येऊ नका. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ते पुन्हा म्हणाले, "नो, नॉट टुमॉरो आयदर." काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. मला रडू आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच टोचून बोलायला मला काहीही सुचलं नाही.